फार्मसी कौन्सिल ऑफ इंडिया दर वर्षी नेमकं काय करते? कोल्हापुरात प्रवेश घेताना काय बघू?

मुख्य काम कॉलेजांच्या मान्यतेचं. कॉलेजनं शिक्षक, प्रयोगशाळा, उपकरणं यांची माहिती कौन्सिलच्या फॉर्ममध्ये भरायची, गरजेप्रमाणे निरीक्षक येऊन तपासतात, मग प्रवेशसंख्या ठरते. अभ्यासक्रमाचे नियमही तीच बनवते.

खरी गोम मान्यतेच्या प्रकारात आहे. नव्या कॉलेजला आधी फक्त अभ्यासक्रम चालवायची परवानगी मिळते. फार्मसी कायदा 1948 च्या कलम 12 ची मान्यता पुढे, पहिली तुकडी शेवटच्या परीक्षेपर्यंत पोचल्यावर. ती रखडली तर पदवी हातात असूनही नोंदणी अडते, आणि नोंदणीशिवाय मेडिकलमध्ये फार्मासिस्ट म्हणून उभं राहता येत नाही. म्हणून कौन्सिलच्या वेबसाइटवरच्या यादीत कॉलेजचं नाव, अभ्यासक्रम, जागा आणि शैक्षणिक वर्ष, चारही जुळवा. शिवाजी विद्यापीठाची संलग्नता किंवा डिप्लोमासाठी एमएसबीटीईची (महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाची), ही वेगळी गोष्ट. तिच्यावर भागत नाही. कॉलेजच्या ऑफिसात कलम 12 चं पत्र मागाच, लाजू नका.

डी.फार्म.वाल्यांना, म्हणजे फार्मसी डिप्लोमा करणाऱ्यांना, परीक्षेनंतर किमान तीन महिन्यांत 500 तासांचं प्रशिक्षणही लागतं.

नोंदणी मात्र दिल्लीत, म्हणजे फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाकडे नाही, महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडे होते. नूतनीकरणाची फी थकली तर कलम 34 प्रमाणे नाव रजिस्टरमधून निघतं.