बिल्ल्यावर आहे ते काय: तुतारी, शिंग की बिगूल?

चाळीसगावच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचे मामा मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त होऊन गावी आले. सत्काराच्या पत्रिकेत ‘टोपीवर तुतारीचा बिल्ला मिरवणारे’ असा मजकूर छापायला दिला, तेव्हा मामांनी हरकत घेतली: तुतारी नाही, बिगूल लिहा. प्रेसवाल्याच्या मते दोन्ही एकच. ताई विचारतात, खरं काय?

मामांचं बरोबर आहे. रेजिमेंटमध्ये त्याला बिगूल म्हणतात, आणि ज्याने तो बिल्ला पुसून पुसून लखलखीत ठेवला त्याचा शब्द आपण मानावा. पण एवढ्यावर सोडवत नाही, कारण या शब्दाच्या पोटात फार सुंदर गोष्ट आहे.

आमच्या गल्लीत याच रेजिमेंटचे एक निवृत्त हवालदार राहतात, सगळे त्यांना फौजी नाना म्हणतात. त्यांचा बिल्ला मी तळहातावर घेऊन पाहिला. बँडवाला वाजवतो तो बिगूल नळी गुंडाळलेला असतो. बिल्ल्यावरचा तसा नाही. एका टोकाला निमुळता, दुसऱ्या टोकाला पसरट, मध्ये साधा बाक, आणि गळ्यात अडकवायची दोरी वर गाठ मारून दाखवलेली. शेजारी उभा असलेला त्यांचा नातू म्हणाला, “हाई ते शिंग शे ना!”

पोरगं अगदी नेमकं बोललं. बिगूल हा शब्द इंग्रजीतून आला, इंग्रजीत तो जुन्या फ्रेंचमधून आणि तिथे लॅटिन ‘बुकुलुस’वरून. बुकुलुस म्हणजे गोऱ्हा. इंग्रजीतही आधी बिगूल म्हणजे रानबैल, मग त्याचं शिंग, आणि शेवटी त्या आकाराचं पितळी वाद्य. लॅटिनमधला बैल ‘बोस’ आणि आपला संस्कृत ‘गो’ एकाच मुळाचे. इंग्रजी ‘हॉर्न’ आणि संस्कृत ‘शृंग’ हेही एकमेकांचे भाऊबंद. पोळ्याला आपण हिंगूळ लावून रंगवतो ते बैलाचं शिंग, रणात फुंकतात ते रणशिंग आणि फौजी नानांच्या टोपीवरचा बिगूल, तिन्हींचा उगम बैलाच्या डोक्यावर. आपल्याकडेही वाद्य तांब्या-पितळेचं झालं तरी नाव शिंगच राहिलं.

पायदळाच्या टोपीवर हे का आलं, तेही सांगतो. जुन्या लढाईत पायदळ खांद्याला खांदा लावून रांगेत चाले आणि हुकूम ढोलावर मिळत. हलकं पायदळ, म्हणजेच लाइट इन्फंट्री, पुढे विखरून, झाडाझुडपांच्या आडून लढे. तिथे ढोल घेऊन कोण धावणार? जर्मन मुलखातल्या येगर, म्हणजे शिकारी सैनिकांनी शिकारीचं शिंगच इशाऱ्यासाठी वापरलं, ब्रिटिशांनी ते उचललं आणि पुढे हलक्या पायदळाची खूणच झाली. मराठा लाइट इन्फंट्रीची सर्वांत जुनी बटालियन, जंगी पलटण, 1768 सालची. (पलटण हाही असाच पाहुणा शब्द. जेम्स औट्रम या ब्रिटिश अधिकाऱ्याने 1825 मध्ये आपल्या खानदेशात, धरणगावला भिल्लांची पलटण उभारली, म्हणजे आपल्या मुलखालाही तो चांगला जुना.)

मग तुतारी का नको? तुतारी वेगळं वाद्य आहे: लांबलचक, वळणदार, लग्नात किंवा मिरवणुकीत पाहुण्यांच्या स्वागताला उभी राहणारी. 2024 च्या निवडणुकांत तुतारी आणि ट्रम्पेट या नावांवरून केवढा घोळ झाला, आठवतं ना? वाद्यं मिळतीजुळती म्हणून नावं एक केली की असं होतं. भाषेलाही हा भेद कळतो. रणशिंग आपण ‘फुंकतो’, बिगूल मात्र ‘वाजतो’. रणशिंग ते, तुतारी ती, बिगूल तो.

‘बिल्ला’ शब्द तुम्ही छान वापरलात, तो बदलू नका. ‘बोधचिन्ह’ संस्थेचं असतं, कागदावर, पाटीवर, कुठेही. टोपीला टोचलेला धातूचा तो बिल्ला.

छापताना एवढं बघा: ‘बिगूल’मधला गू दीर्घ, पण प्रत्यय लागला की ऱ्हस्व. म्हणजे पत्रिकेत ‘टोपीवर बिगुलाचा बिल्ला मिरवणारे’.