पहिलं पील करतेयस? आधी हे वाच

घाबरू नकोस. केमिकल पील म्हणजे कातडी सोलणं नव्हे; चेहऱ्यावर अ‍ॅसिड लावून त्वचेचा वरचा मृत थर काढणं. पहिल्या वेळी बहुधा ग्लायकोलिक किंवा सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं वरवरचं पील करतात. थोडं चुरचुरतं, मग दोन-चार दिवस कोंड्यासारखे पापुद्रे निघतात. कधी तेही नाही. पापुद्रे नाहीत म्हणजे पैसे पाण्यात, असं मलाही वाटलं होतं. तसं नसतं.

अ‍ॅसिडचे जास्त टक्के म्हणजे जास्त गुण, हा मात्र सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेची आग झाली की तिथेच काळे डाग उठतात आणि जायला महिने घेतात. म्हणून ऑनलाइन बाटली मागवून घरी प्रयोग नको.

सुरुवातीला एवढं सांभाळ:

- रेटिनॉल (अ जीवनसत्त्वाचं क्रीम), मुरमांच्या गोळ्या चालू असतील, ओठांवर वारंवार पुटकुळ्या येत असतील, तर डॉक्टरांना आधीच सांग.
- आठवडाभर आधी ब्लीच, वॅक्सिंग, स्क्रब बंद.
- पापुद्रे नखाने ओढू नकोस. (मी ओढले. हनुवटीवरचा डाग चार महिने मिरवला.)
- किमान एसपीएफ ३० चं सनस्क्रीन रोज, पावसाळ्यातसुद्धा.

वांग एका बैठकीत जात नाही. दोन-चार आठवड्यांच्या अंतराने बऱ्याच खेपा होतात. घरचं लग्न पंधरा दिवसांवर आलं असेल, तर पहिलं पील आत्ता नकोच.