सोळा विद्यापीठं आणि भूजलाचा एक प्रकल्प

प्रश्न : मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सरासरी १० पैकी ७.४. मॉडफ्लो हे भूजलाचं संगणकीय मॉडेल वापरून भूजल पुनर्भरणावर प्रकल्प केला, पण मॉडेलमधली पाण्याची पातळी आणि विहिरींत मोजलेली पातळी शेवटपर्यंत जुळली नाही. मला परदेशात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं आहे. रँकिंग बघून चार देशांतली सोळा विद्यापीठं निवडली आहेत, यादी सोबत जोडते. एक सल्लागार संस्था अर्ज आणि एसओपी (का शिकायचं आहे ते सांगणारं उद्देशपत्र) फुकट करून द्यायला तयार आहे. बाबा कर्ज काढू म्हणतात, पण त्यांची काळजी मला दिसते. माझे गुण पुरतील का? यादीतली कोणती विद्यापीठं ठेवू?

उत्तर : तुझ्या विद्यापीठांच्या यादीने दीड पान घेतलं आहे आणि भूजलाच्या प्रकल्पाला एकच वाक्य मिळालं आहे. माझ्या मते वाटणी उलट हवी होती. पातळ्या का जुळल्या नाहीत, हा प्रश्न तुझ्या डोक्यात अजून आहे, हे त्या एका वाक्यातूनही कळतं. यादी त्या प्रश्नावरून करायला हवी.

रँकिंग टाकून दे असं मी म्हणत नाही, पण ते काय मोजतं ते बघ. क्यूएस या संस्थेच्या जागतिक विद्यापीठ क्रमवारीत ३० टक्के भार प्राध्यापकांमधल्या नावलौकिकाच्या सर्वेक्षणाला असतो आणि १५ टक्के नोकरी देणाऱ्यांच्या मताला. हे सगळं अख्ख्या विद्यापीठाचं मोजमाप आहे. तिथे भूजल कोण शिकवतं, हे त्यात कुठेच दिसत नाही. ॲरिझोना विद्यापीठ सर्वसाधारण क्रमवारीत तुझ्या नजरेत भरलं नसेल, पण जलविज्ञानात त्याचं नाव फार जुनं आणि मोठं आहे. नेदरलँड्समधली आयएचई डेल्फ्ट ही संस्था १९५७ पासून पाण्याचंच शिक्षण देते. तीच संस्था, लिस्बनचं इन्स्टिट्यूटो सुपीरियर टेक्निको आणि ड्रेस्डेनचं तांत्रिक विद्यापीठ मिळून ‘ग्राउंडवॉच’ हा भूजल आणि हवामानबदलाचा संयुक्त इरास्मस मुंडस (युरोपीय संघाच्या योजनेतला) अभ्यासक्रम चालवतात. श्टुटगार्ट विद्यापीठात ‘वॉरेम’ हा जलसंपत्तीचा इंग्रजी माध्यमातला अभ्यासक्रम आहे. तुझ्या सोळांत यातलं एकही नाव नाही.

आता प्रत्येक नावासाठी एक काम कर. अभ्यासक्रमाचं मॉड्यूल हँडबुक, म्हणजे विषयवार माहितीपुस्तिका, उघड आणि दुसऱ्या सत्रात काय शिकायचं आहे ते वाच. शिकवणाऱ्यांपैकी एक-दोघांच्या शोधनिबंधांचे सारांश वाच. सगळं समजलंच पाहिजे असं नाही, पण वाचताना ‘हे मला हवंय’ असं कुठेच वाटलं नाही, तर ते नाव खोडून टाक. सहा-सात उरली तरी भरपूर झाली. सोळा अर्ज म्हणजे सोळा ठिकाणचं शुल्क आणि सोळा घाईत लिहिलेल्या एसओपी.

गुण पुरतील का, याचं उत्तर प्रत्येक ठिकाणी वेगळं आहे. जर्मनीत १ हा सर्वांत चांगला गुण असतो आणि बाहेरचे गुण एका ठरलेल्या सूत्राने त्या पट्टीवर आणतात. तुमच्याकडे उत्तीर्ण होण्याची किमान मर्यादा ४ असेल, तर तुझे ७.४ तिथे २.३ होतात. बऱ्याच अभ्यासक्रमांची मर्यादा २.५ च्या आसपास असते, म्हणजे तू आत बसतेस. अमेरिकेत एकच आकडा बघून सहसा निर्णय होत नाही. गणित, द्रवयांत्रिकी, जलविज्ञान या विषयांत तू काय केलंस ते बघतात, शिफारसपत्रं आणि एसओपी वाचतात. जीआरई ही पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा आता अनेक विभागांनी ऐच्छिक केली आहे, त्यामुळे आधी यादी पक्की कर, मग ती द्यायची की नाही ते ठरव. इंग्रजीची परीक्षा मात्र लवकर देऊन टाक.

एसओपी दुसऱ्या कुणाला लिहू देऊ नकोस, हे मी अगदी कळकळीने सांगते. असे तयार मसुदे थोडाफार फरक करून अनेकांना दिले जातात आणि विद्यापीठांकडे नक्कल शोधण्याची साधनं असतात. उसना मजकूर उघड झाला तर मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो. पण माझं खरं कारण वेगळं आहे. विहिरींच्या नोंदी आणि मॉडेल जुळेना तेव्हा तू काय केलंस? पाझराचा अंदाज बदलून पाहिलास? नोंदींवरच शंका घेतलीस? हे फक्त तुला माहीत आहे आणि निवड समितीला नेमकं तेच वाचायचं असतं. लहानपणापासून पाण्याची आवड होती, हे वाक्य त्यांनी पुष्कळदा वाचलेलं असतं. तुझा प्रश्न, तू केलेलं काम, कुठे अडलीस आणि त्यासाठी याच अभ्यासक्रमात काय आहे, एवढं दीड पानात साध्या भाषेत लिही.

ती सेवा फुकट का आहे, हेही समजून घे. अशा संस्थांना बहुधा विद्यापीठांकडून प्रवेशामागे कमिशन मिळतं. कमिशन न देणारी विद्यापीठं त्यांच्या यादीत सहसा नसतात आणि कमी शुल्काची सरकारी विद्यापीठं बऱ्याचदा अशी कमिशन न देणारीच असतात.

शिफारसपत्र मोठ्या पदावरच्या पण तुला न ओळखणाऱ्या माणसाकडून घेऊ नकोस. प्रकल्पाच्या मार्गदर्शकांना विचार, निदान महिनाभर आधी, आणि त्यांना एसओपीचा मसुदा व गुणपत्रिका दे. अमेरिकेच्या अर्जात पत्र पाहण्याचा हक्क सोडता का, असं विचारतात. तिथे ‘हो’ म्हण. तू न पाहिलेल्या पत्रावर समितीचा विश्वास जास्त बसतो.

आता पैशांचं. बाबांबरोबर बसून प्रत्येक विद्यापीठाचा हिशेब मांडा आणि त्यात शिष्यवृत्ती व अर्धवेळ काम दोन्ही शून्य धरा. शिकताना कामावर मर्यादा असते. अमेरिकेत सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, तेही विद्यापीठाच्या आवारातच. एवढ्यात वरखर्च निघतो, शुल्क निघत नाही. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठं शिक्षणशुल्क घेत नाहीत, पण श्टुटगार्ट ज्या राज्यात आहे तिथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. शिवाय व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात) रक्कम दाखवावी लागते, सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो. ब्रिटनमध्ये मास्टर्स बहुधा एका वर्षात संपतं, त्यामुळे राहण्याचा खर्च वाचतो, पण शुल्क जास्त आणि तुझ्या भूजलाच्या कामाला वेळ कमी. तुझ्यासाठी मी ते मागे ठेवीन. इरास्मस मुंडसची शिष्यवृत्ती मिळाली तर शुल्क नाही आणि महिन्याला १,४०० युरो मिळतात. तिला स्पर्धा खूप असते, तरी अर्ज कर.

अमेरिकेत प्रबंधासह एमएस आणि केवळ अभ्यासक्रमावरची एमइंजी हे वेगळे रस्ते आहेत. संशोधन सहाय्यकपद मिळण्याची शक्यता असते ती पहिल्यात. तिथे प्राध्यापकांना आधी मेल करण्याचा उपयोग होतो. मेल चार-पाच ओळींचा, त्यांच्या एखाद्या निबंधाचा आणि तुझ्या न जुळलेल्या पातळ्यांचा उल्लेख असलेला असावा. जर्मनीत प्रवेश समिती देते, तिथे अशा मेलने फारसं काही होत नाही. अमेरिकेचे बहुतेक अर्ज डिसेंबर-जानेवारीत बंद होतात, तेव्हा यादी त्याआधी पुरेशी लवकर पक्की व्हायला हवी.

शून्य धरलेला हिशेब झेपत नसेल, तर ते नाव आताच काढा. प्रवेशपत्र हातात आल्यावर नाही म्हणणं तुला आणि बाबांनाही फार जड जाईल. यंदा हवं तसं काही जमलं नाही, तर भूजलाचं काम करणाऱ्या संस्थेत वर्ष-दोन वर्षं नोकरी कर. ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला तर दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतोच. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण दोन वर्षं आणि जीआरईचे पाच वर्षं चालतात, त्यामुळे पुढच्या वर्षीच्या अर्जालाही ते उपयोगी पडतील.