चांदीच्या सेन्सरवर ग्राफीन चढवून उपयोग होतो का?

तुम्ही विचारलंय की चांदीच्या नॅनोकणांचे सेन्सर थोड्या दिवसांत मंदावतात, त्यांवर ग्राफीन (कार्बनच्या अणूंचा एकपदरी पत्रा) चढवलं तर ते टिकतील का, आणि थरामुळे संवेदनशीलता जाणार नाही का.

मी निपाणीचा, बेळगावात भौतिकशास्त्र शिकवतो. आमच्याकडे गौरी-गणपतीला कपाटातून निघणारी चांदीची निरांजनं काळवंडलेलीच असतात. आई ती रिठ्याच्या पाण्यात घासते. हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडमुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइड चढतं, तोच हा काळेपणा. निरांजन घासता येतं, पन्नास नॅनोमीटरचा कण कसा घासणार? त्याची तर सगळी करामत पृष्ठभागावरच चालते.

हे सेन्सर रसायन ओळखतात ते रामन विकिरणावरून: रेणूवर पडलेल्या प्रकाशाचा थोडा भाग रंग बदलून विखुरतो, त्यावरून रेणू कळतो. रामन यांनी 1928 साली दाखवलेलं हे विकिरण फार क्षीण असतं. खडबडीत चांदीजवळ ते प्रचंड वाढतं, पण धातूपासून काही नॅनोमीटरच्या आतच. म्हणून जाड लेप दिला की चांदी वाचते आणि संकेत बुडतो. सिलिकाचं कवचसुद्धा 2 ते 4 नॅनोमीटरपर्यंतच ठेवावं लागतं. ग्राफीनचा एक थर साधारण 0.34 नॅनोमीटरचा, आणि तो अखंड असेल तर हेलियमही त्यातून जात नाही. त्यामुळे संवेदनशीलतेची भीती फारशी नको.

खरी अडचण ‘अखंड’ या शब्दात आहे. थर धातूवर बसवताना तो फाटतो, सुरकुततो. तांब्यावर तर असा सदोष थर दीर्घकाळात उघड्या धातूपेक्षाही वाईट ठरलेला आहे: ग्राफीन विद्युतवाहक असल्याने फटीपाशी तांबं गंजतच राहतं. म्हणून ‘ग्राफीनयुक्त’ एवढं वाचून विश्वास ठेवू नका. एकसंध पत्रा आहे की तुकडे फवारलेत, ते आधी विचारा.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आमच्या भागात सोयाबीनच्या बियाण्याला थायरम हे बुरशीनाशक लावतात. त्यातलं गंधक चांदीला थेट चिकटतं, म्हणूनच ते उघड्या चांदीवर छान ओळखता येतं. मध्ये ग्राफीन आलं की ही पकड सुटते. उलट रोडामीन या रंगद्रव्यासारखे सपाट, वलयांचे रेणू ग्राफीनवर आपणहून पसरून बसतात, आणि रामन संकेत झाकून टाकणारी त्यांची स्वतःची चमकही ग्राफीन दाबतं.

तुम्ही नेमकं कोणतं रसायन शोधताय ते लिहा. थायरमसारखं काही असेल, तर मी ताजी उघडी चांदी वापरून ती वापरेपर्यंत हवाबंद ठेवायचा सल्ला देईन.