स्लाइड आधी तू बघ

अगं,

काल रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला तेव्हा मी झोपायच्या तयारीत होते, वाचला आणि मग झोप काही लागली नाही. "मॅडम, पॅथॉलॉजी घेऊन चूक केली का मी?" हे तू पीजीच्या दुसऱ्या वर्षाला विचारतेयस, तेही सीएमईत, म्हणजे डॉक्टरांच्या प्रशिक्षणाच्या कार्यक्रमात, स्लाइड वाचणाऱ्या एआय सॉफ्टवेअरचा एक डेमो बघून. व्हॉट्सॲपवर दोन ओळी टाकता आल्या असत्या पण तुझं समाधान झालं नसतं आणि माझंही, म्हणून आज ओपीडीचे एफएनएसी, म्हणजे गाठीत सुई घालून पेशी तपासायचं काम, संपल्यावर बसून सगळं लिहितेय. चहा करून घे आणि निवांत वाच.

आधी भीतीचं बोलू. २०१६ मध्ये जेफ्री हिंटन, म्हणजे आजचं एआय ज्यावर उभं आहे त्या न्यूरल नेटवर्कच्या क्षेत्रातला केवढा मोठा माणूस, २०२४ ला फिजिक्सचं नोबेल मिळालं त्यांना, ते जाहीरपणे म्हणाले होते की रेडिऑलॉजिस्ट तयार करणं आता थांबवा, पाच वर्षांत मशीन त्यांच्यापेक्षा चांगलं काम करेल, फार तर दहा. आणि आज पुण्यात एमआरआय करून बघ, रिपोर्टसाठी थांबावं लागतं कारण वाचणारी माणसं कमी पडतायत. त्यामुळे ब्रांच बुडाली वगैरे कुणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नकोस.

पण मशीन काहीच कामाचं नाही असंही मी तुला सांगणार नाही, कारण ते खरं नाहीये. नेदरलँडमध्ये कॅमेलिऑन नावाची स्पर्धा झाली होती, २०१७ च्या शेवटी छापून आली. ब्रेस्ट कॅन्सरच्या सेंटिनल नोडच्या, म्हणजे कॅन्सर पसरला तर आधी जिथे पोचतो त्या लिम्फ नोडच्या, १२९ स्लाइड्स, मेटास्टॅसिस (कॅन्सर तिथे पसरलेला) आहे का नाही एवढंच सांगायचं. ११ पॅथॉलॉजिस्टना साधारण दोन तास दिले, तर त्यांचा एयूसी (अचूकतेचा आकडा, १ म्हणजे पैकीच्या पैकी) सरासरी ०.८१ आला आणि सगळ्यात चांगल्या अल्गोरिदमचा ०.९९४. हेच डेमोवाल्याने पडद्यावर मोठ्या अक्षरात दाखवलं असणार. त्याने बहुतेक हे दाखवलं नसेल की आणखी एका पॅथॉलॉजिस्टला वेळेची अट न घालता बसवलं होतं, त्याला ३० तास लागले आणि त्याचा आकडा ०.९६६ आला. म्हणजे निवांत बघणारा माणूस आणि मशीन जवळपास सारखेच, फरक पडतो तो घाईचा आणि थकव्याचा. आणि घाई नि थकवा तर आपल्याकडे रोजचाच आहे, दुपारी चारनंतर चाळिसाव्या नोडमधला एवढासा पुंजका सुटतो गं, माझाही सुटलाय, आणि तो सुटला की त्या बाईचं स्टेजिंग, म्हणजे कॅन्सर किती पसरलाय तो हिशोब, बदलतं. तिथे कुणी मला "इकडे परत बघ" म्हणून खूण करून देणार असेल तर मला ते हवंच आहे.

आता तुला एक केस सांगते. मी रिपोर्टिंगला जात होते त्या एका ठिकाणी स्लाइड्सचा स्कॅनर ट्रायलवर आला होता, सोबत सॉफ्टवेअर. ब्रेस्टची पेशंट, पन्नाशीची, काखेतले नोड्स. सॉफ्टवेअरने एका नोडमध्ये तीन जागा लाल रंगवल्या आणि आमच्या तिथल्या ज्युनियरने ड्राफ्टमध्ये मेटास्टॅसिस लिहून टाकलं. हुशार मुलगी होती, कामचुकार अजिबात नाही. मी स्लाइड लावली तर ते पुंजके एपिथेलिऑइड पेशींचे, एका बाजूला लँगहान्स जायंट सेल छान बसलेली, म्हणजे ग्रॅन्युलोमा, टीबीत दिसतो तसा पेशींचा पुंजका. सायटोकेरॅटिन, म्हणजे अशा कॅन्सरच्या पेशी दाखवणारा स्टेन, निगेटिव्ह आलं. मग टीबीचे जंतू दाखवणाऱ्या झेडएन स्टेनवर ऑइल इमर्शन लावून बसलो, चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी दोन बॅसिलाय, म्हणजे जंतू, सापडले. बाईंना कॅन्सर होता तो होताच, पण नोडमध्ये टीबी होता, आणि त्यांचं पुढचं सगळं ट्रीटमेंटचं गणितच वेगळं झालं.

सॉफ्टवेअर असं का चुकलं? अशी बरीच सॉफ्टवेअर युरोप-अमेरिकेतल्या स्लाइड्सवर शिकलेली असतात, तिकडे काखेतल्या नोडमध्ये टीबी कोण रोज बघतंय, आणि आपल्याकडे तर मानेतली गाठ म्हटलं की आधी टीबीच डोक्यात येतो. त्याला "नॉर्मल नोड" आणि "कॅन्सरवाला नोड" एवढं दोनच शिकवलंय, तिसरं काही असतं हे त्याला कुणी सांगितलंच नाही, मग ते समोर आलेलं दोनपैकी एका डब्यात टाकणारच.

पण मला रात्रभर खटकत राहिलं ते सॉफ्टवेअरचं नाही, त्या मुलीचं. ग्रॅन्युलोमा तिला ओळखता येत नव्हता का? येत होता, आदल्याच आठवड्यात तिने एक बरोबर सांगितला होता. पण तिने लाल रंग आधी बघितला आणि स्लाइड नंतर. एकदा लाल बघितलं की डोळा ते खरं ठरवायलाच शोधत राहतो. जर्मनीत २०२३ ला २७ रेडिऑलॉजिस्टवर हा प्रयोग करून बघितलाय, मॅमोग्राम दाखवायचे आणि सोबत एआयचं मत, त्यातली काही मतं मुद्दाम चुकीची. एआय बरोबर असताना नवखे साधारण ८० टक्के वेळा बरोबर होते, एआय चुकीचं असताना तेच नवखे २० टक्क्यांवर आले. आणि अनुभवी लोक? तेही ८२ वरून ४५ वर घसरले. म्हणजे माझा पंचवीस वर्षांचा अनुभव मला अर्धाच वाचवेल, आणि तुला तर तोही नाही अजून.

दुसरं म्हणजे सवय. पोलंडमध्ये चार ठिकाणी कोलोनोस्कोपीला (मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीला) एआय आणलं, आणि मग ज्या तपासण्या एआयशिवाय झाल्या त्यात ॲडिनोमा, म्हणजे पुढे कॅन्सर होऊ शकणाऱ्या गाठी, सापडण्याचं प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ वर आलं. डॉक्टर तेच, फक्त मध्ये काही महिने एआयची सवय लागली होती. एका अभ्यासावरून शेवटचं काही ठरत नाही हे मान्य, पण ही माणसं आधीच शिकून तयार झालेली होती गं. तू अजून शिकतेयस. जो डोळा अजून तयारच झाला नाही त्याला पहिल्या दिवसापासून कुबडी दिली तर त्याचं काय होईल, याची मला जास्त काळजी वाटते.

म्हणून माझं तुला एकच सांगणं आहे आणि ते हट्टाने सांगतेय. स्लाइड आधी तू बघ. ओव्हरले, म्हणजे मशीनच्या रंगीत खुणा, बंद ठेव, पेशंटच्या माहितीचा रिक्विझिशन फॉर्म वाच, लो पॉवरवर पूर्ण स्लाइड फिर, मग वहीत पेनने लिही, माझं निदान हे, ते नसेल तर हे, आणि कशावरून. कॉम्प्युटरवर नको, तिथे नंतर बदलता येतं. मग मशीनचं बघ. पटलं तर छान, नाही पटलं तर परत स्लाइडवर जा, आणि आयएचसी (सायटोकेरॅटिनसारखे खास स्टेन) किंवा सरांचं मत आल्यावर कोण बरोबर होतं ते त्याच ओळीपुढे लिहून ठेव. सहा महिन्यांत तुला दोन गोष्टी कळतील, तू कुठे चुकतेस आणि मशीन कुठे चुकतं, आणि त्या दोन जागा वेगवेगळ्या असतात. मी ससूनला पीजी करत होते तेव्हा माझ्या सरांनी मला अशी वही करायला लावली होती, तेव्हा मशीन नव्हतं, समोरच्या कॉलममध्ये सरांचं निदान असायचं. त्या वह्या अजून आहेत माझ्याकडे.

आणि मशीनवर विश्वास किती ठेवायचा हा प्रश्न काही आजचा नाहीये. रक्तातल्या पेशी मोजायच्या मशीनचं, कूल्टरचं, पेटंट १९५३ चं आहे, ते सेल काउंटर आपण सगळेच वापरतो. पावसाळ्यातली गोष्ट आठव, जुलै ते ऑक्टोबर पुण्यात ताप म्हटलं की डेंग्यू आणि डेंग्यू म्हटलं की प्लेटलेट. एकदा कोथरूडच्या हॉस्टेलमधला मुलगा, लातूरकडचा, काउंटरवर प्लेटलेट १८,०००, आईवडील गाडी करून निघाले, मित्र ब्लड बँकेत रांगेत उभे. ताप तर उतरलेला, पोरगा मजेत खातोय. स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब, बघितला तर शेपटाकडे प्लेटलेटचे नुसते ढीगच्या ढीग, ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून असतं त्या ईडीटीएमुळे गठ्ठे झालेले. सायट्रेटच्या ट्यूबमध्ये परत घेतलं, पातळ होतं म्हणून १.१ ने गुणलं, १ लाख ९० हजार. मशीन खोटं बोललं नव्हतं, छिद्रातून सुट्या जेवढ्या गेल्या तेवढ्या त्याने मोजल्या. पण पोराकडे बघून आकडा जुळत नाही हे कुणाला तरी वाटायला लागतं, आणि स्मिअर लावायचा कंटाळा न करणारं कुणीतरी लागतं.

आता एक काम सांगते ते तुला कमीपणाचं वाटेल, वाटू देऊ नकोस. महिनाभर रोज एक तास हिस्टोच्या (स्लाइड्स बनवणाऱ्या लॅबच्या) टेक्निशियन काकांच्या शेजारी जाऊन बस. मायक्रोटोमवर, म्हणजे टिश्यूचे पातळ काप काढायच्या यंत्रावर, स्वतः सेक्शन काप, चार मायक्रॉनचा आणि आठ मायक्रॉनचा एकाच ब्लॉकचा कापून दोन्ही बघ, न्यूक्लियस कसे वेगळे दिसतात ते. हिमॅटॉक्सिलिन या रंगानंतर स्लाइड नळाच्या पाण्यात का ठेवतात विचार, ते निळं होणं पाणी किती अल्कलाइन आहे त्यावर असतं, उन्हाळ्यात खडकवासल्याच्या पाण्याऐवजी बोअरचं किंवा टँकरचं आलं की काका वेळ बदलतात, कुणी त्यांना सांगत नाही, ते रंग बघून बदलतात. हे का महत्त्वाचं? २०२१ मध्ये एका अभ्यासात दिसलं की नुसत्या स्लाइडवरून मॉडेलला ती कुठल्या हॉस्पिटलची आहे हे ओळखता येतं, स्टेनच्या छटेवरून वगैरे. मग एखाद्या हॉस्पिटलमध्ये गंभीर पेशंट जास्त येत असतील तर मॉडेल ट्यूमर न शिकता हॉस्पिटलच शिकून बसतं, आणि आकडे मात्र झकास येतात. तुमच्या लॅबच्या गुलाबी-निळ्यावर ते कसं चालतं हे तुमच्याच स्लाइड्सवर तपासल्याशिवाय कळणार नाही, आणि ते तपासायचं तर तुमचा गुलाबी-निळा कुठून येतो हे आधी माहीत पाहिजे. घडी पडलेला सेक्शन, कव्हरस्लिपखालचा बुडबुडा, फोकस गेलेलं स्कॅन, हे सगळं मशीनसाठी टिश्यूच आहे.

डेमोत कुणी "९५ टक्के सेन्सिटिव्हिटी, ९५ टक्के स्पेसिफिसिटी", म्हणजे आजारी आणि निरोगी दोन्ही शंभरातले ९५ बरोबर ओळखतो, असं म्हणालं की लगेच विचार, कुठल्या पेशंटमध्ये? हे गणित कागदावर करून बघ. १०,००० लोक, शंभरात एकाला आजार, म्हणजे १००. त्यातले ९५ सापडले. उरलेल्या ९,९०० मधले पाच टक्के म्हणजे ४९५ उगाच पॉझिटिव्ह. एकूण ५९० लोकांना "आहे" सांगितलं आणि खरे फक्त ९५, म्हणजे साधारण १६ टक्के. हा हिशोब पाठ नको करूस, प्रत्येक वेळी नवा मांड.

वापरायचं कुठे तेही सांगते. मोजायच्या कामाला बिनधास्त वापर. न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरचा केआय-६७ घे, म्हणजे वाढीला लागलेल्या पेशींचं प्रमाण, ३ टक्क्यांच्या खाली ग्रेड १, २० च्या वर ग्रेड ३, निदान ५०० पेशी मोजायच्या असतात आणि अंदाजाने "अरे चार-पाच टक्के असेल" असं म्हणणारे किती आहेत तुला माहितीये. तिथे मशीन आपल्यापेक्षा प्रामाणिक आहे, फक्त ते लिम्फोसाइट मोजत नाहीये ना एवढं तू बघ. छातीच्या एक्सरेवरून टीबी शोधायला तर डब्ल्यूएचओने २०२१ मध्ये १५ वर्षांवरच्या लोकांसाठी सॉफ्टवेअर चालेल असं सांगितलंय, जिथे एक्सरे वाचायला कुणी नाहीच तिथे त्याचं मोल खूप आहे.

स्कॅन केलेल्या स्लाइड्स बघायचं, मोजायचं क्यूपाथ नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, बेलफास्टच्या लोकांनी केलेलं, आजच लॅपटॉपवर टाक. तंबाखूमुळे आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरच्या स्लाइड्सची कपाटं भरलेली आहेत, थीसिसचं पुढचं काम तिथे कर, बाहेरचं एखादं टूल आपल्या स्लाइड्सवर कुठे कमी पडतं ते शोध.

एक गोष्ट मात्र कडक शब्दात. स्लाइड स्कॅन केली की फाइलमध्ये लेबलचा फोटोसुद्धा जातो, बऱ्याच फॉरमॅटमध्ये तो वेगळा लपून असतो. फाइलचं नाव बदललं म्हणजे पेशंटचं नाव गेलं असं नाही. लेबल काढल्याशिवाय एकही फाइल बाहेर द्यायची नाही, मित्राला नाही, कंपनीला तर नाहीच. डेटाचा कायदा २०२३ ला आलाय, आयसीएमआरच्या एआयच्या गाइडलाइन्सही त्याच वर्षीच्या आहेत, वाचून काढ. आणि चॅटजीपीटीला थीसिसचे संदर्भ विचारतेस हे मला माहितीये, त्यातला प्रत्येक पेपर स्वतः उघडून बघितल्याशिवाय टाकू नकोस, नसलेले पेपर अगदी खऱ्यासारखे लिहून देतं ते.

तू विचारलंस चूक केली का. मला आठवतं तू पहिल्या वर्षी हॉजकिन लिम्फोमाची (लिम्फ नोडच्या कॅन्सरची) ओळख असलेली आरएस सेल स्वतः शोधलीस तेव्हा दोन मजले धावत मला सांगायला आली होतीस. ज्याला तसं धावावंसं वाटतं त्याने ही ब्रांच सोडू नये.

शनिवारी दोननंतर ये, दुपारी रिपोर्टिंग नसतं माझं. डबल हेडरवर, म्हणजे दोघींना एकदम बघता येतं त्या मायक्रोस्कोपवर, बसू. वीस स्लाइड्स काढून ठेवल्यात, हिस्ट्री झाकून, त्यात तो काखेतला नोडही आहे, कितवा ते सांगणार नाही. नवी वही घेऊन ये, दोनशे पानी.

तुझी,
मॅडम