लॉस रिकव्हर झाला की बंद करणार म्हणतोस, त्याबद्दल

तुझा मेसेज वाचला. जुगारात किती हरलास ते सगळं लिहिलंयस, पण मला खटकलं ते एकच वाक्य, 'एकदा लॉस रिकव्हर झाला की बंद'. अरे हेच तर लक्षण आहे. गेलेले पैसे परत मिळवायला दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळायला बसणं, हे मानसोपचारवाले वापरतात त्या नऊ लक्षणांतलं एक आहे आणि वर्षभरात त्यातली चार जरी दिसली तरी ते जुगाराचं व्यसन धरतात. बाकीची पण सांगतो, स्वतःच ताडून बघ. तीच मजा यायला रक्कम वाढवत न्यावी लागते, बंद केलं की चिडचिड होते, बंद करायचं ठरवून परत परत फसतो, डोक्यात सतत तेच असतं, टेन्शन आलं की हात तिकडेच जातो, जॉब-अभ्यास-नाती धोक्यात येतात, उसने मागत फिरावं लागतं, आणि खोटं बोलावं लागतं. आता यात एक गंमत बघ, किती रकमेपुढे व्यसन म्हणायचं असा आकडा कुठेच नाहीये, त्यामुळे 'मी काय फार नाही लावत' हे सांगून सुटका नाही.

माझ्या मते सगळ्यात बोलकं ते खोटं बोलणंच. हरणं लोक हसत सांगतात, लपवायला लागलास म्हणजे तुला आतून कळलेलं असतं.

स्वतःला मूर्ख वगैरे म्हणणं मात्र बंद कर. 2013 पासून अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या मॅन्युअलमध्ये हे दारू-ड्रग्जच्या व्यसनांच्याच प्रकरणात आहे, त्याआधी वेगळं ठेवलेलं होतं. बक्षीस कधी येईल याचा नेम नसला की मेंदू जास्तच चिकटून बसतो, आणि थोडक्यात हुकलेला डाव पण जिंकल्यासारखाच उकसवतो. हिशोब तर साधाच आहे, युरोपियन रुलेटला, म्हणजे फिरत्या चाकावर चेंडू टाकतात त्या खेळात, 37 खाने असतात आणि एका नंबरवर जिंकलास तर लावलेले परत येऊन वर 35 पट मिळतात, म्हणजे सरासरी प्रत्येक शंभरामागे 2.7 कॅसिनोचे, आणि तू जितका जास्त वेळ बसशील तितकं त्यांचंच भरत जाणार. 1913 मध्ये माँटे कार्लोच्या कॅसिनोत रुलेटवर सलग 26 वेळा काळा रंग आला, आता लाल येणारच म्हणून लोक लावत राहिले आणि धुतले गेले. चेंडूला मागचं काही आठवत नसतं रे.

आता काय करायचं ते. एका माणसाला खरा आकडा सांग, कर्जासकट, अर्धा नाही. काही महिने पैशाचा व्यवहार त्याच्याकडे दे, ॲप डिलीट करून भागत नाही कारण परत टाकायला दोन मिनिटं लागतात, म्हणून साइटवर स्वतःला बाद करून घ्यायची सोय असेल तर ती वापर, बँकेत असे व्यवहार ब्लॉक होत असतील तर तेही कर. आणि घरच्यांकडून सगळं कर्ज एकरकमी फेडून घेऊ नकोस, हे ऐकायला कडू आहे पण डोक्यावरचं ओझं असं एकदम उतरलं की खूपदा नवीन डाव सुरू होतो. हप्ते पाडून तूच फेड.

मग मानसोपचारतज्ज्ञ किंवा काउन्सेलर. सीबीटी म्हणून जी विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी थेरपी असते ती यावर चालते, कधी नॅल्ट्रेक्सोन नावाचं ओढ कमी करणारं औषध पण देतात, ते डॉक्टर ठरवतील. चालू असलेली औषधं त्यांना नक्की सांग, पार्किन्सन्सवरची काही औषधं स्वतःच जुगाराची ओढ लावतात. सोबत गॅम्बलर्स अ‍ॅनॉनिमसची मीटिंग धर, जुगार सोडू पाहणाऱ्यांचा हा एकमेकांना आधार देणारा गट 1957 पासून चालू आहे, तिथे कोणी लेक्चर देत नाही, समोरचे सगळे त्यातूनच गेलेले असतात. घरच्यांसाठी गॅम-ॲनॉन वेगळं आहे.

आणि कर्जाच्या विचारात जीव द्यावासा वाटला, एकदा जरी, तर हे सगळं बाजूला ठेव, एकटा राहू नकोस, लगेच इमर्जन्सीला फोन कर नाहीतर जवळचं हॉस्पिटल गाठ. या व्यसनात तो धोका खरंच मोठा असतो.

कोणाला सांगणार ते आज रात्री कळव. मलाच सांगायचं असेल तर चालेल, पण मग घरातलं पण एक जण हवं, नुसता मी पुरणार नाही.