डिफेंडर म्हणून फुटबॉलमध्ये करिअर होतं का, की पोराला फॉरवर्डला न्यावं?

तुमच्या पुतण्याला बॅकलाच खेळू द्या. हे आधी सांगून टाकतो, बाकीचं नंतर.

तुम्ही लिहिलंय की पोरगा सोळाचा आहे, उंची पाच फूट आठ इंच, लातूरला स्टॉपर, म्हणजे बॅकच्या मधल्या जागेवर (सेंटर बॅक), खेळतो आणि त्याचे सर म्हणतात, "बॅकला खेळून कुणी मोठं होत नसतं, गोल मारायला शीक." मी त्याच्या वयाचा असताना हेच ऐकलंय, जवळपास याच शब्दांत. म्हणून लिहायला बसलो.

आपल्याकडे मैदानावर पोरं जमली की चपळ असेल तो पुढे, अंगाने भरलेला असेल तो गोलकीपर, आणि ज्याला काहीच येत नाही त्याला मागे उभं करायचं. गल्लीतल्या पोरांनी असं केलं तर समजू शकतो, पण बी.पी.एड. झालेले सरसुद्धा तेच करतात. मग जिल्ह्याची टीम विभागीय स्पर्धेत गेली की पाच-पाच गोल खाऊन परत येते, आणि बोलणी कुणाला बसतात? बॅकच्या पोरांना. हे अडाणीपण आहे. दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

मी औरंगाबादचा, आता संभाजीनगर म्हणतात. आमखास मैदानावर वाढलो. तिथे दख्खनी हिंदीत एकच आरडाओरडा चाललेला असायचा, "निकलो ऊपर! छोडो मत!" आणि त्या आरड्यातूनच मी लाइन धरायला शिकलो, म्हणजे सगळ्या बॅकनी एका रेषेत राहून पुढेमागे सरकायला. आमच्या क्लबचा कोच, नाव घेत नाही, फॉरवर्डच्या पोरांना चहा पाजायचा आणि आम्हाला बॉल आणायला पळवायचा.

एकदा नांदेडला खुल्या स्पर्धेत आम्ही फायनलला पोचलो. समोर मुंबईची एक ऑफिस टीम. त्यांचा सेंटर फॉरवर्ड असा पळायचा की आमच्या भागात तसं कुणी पाहिलेलं नव्हतं. आधीच्या दोन्ही मॅचमध्ये त्याने हॅटट्रिक मारलेली. उन्हाळ्याचं तोंड, काळ्या मातीचं मैदान वाळून कडक झालेलं, मधेमधे भेगा.

त्याची एक सवय सुरुवातीलाच माझ्या ध्यानात आली. पास सुटायच्या आधी तो मान वळवून लाइनमनकडे बघायचा, आपण ऑफसाइडला तर नाही ना म्हणून. पास सुटताना फॉरवर्ड आमच्या बॅकच्या लाइनपलीकडे असला की ऑफसाइड, लाइनमन झेंडा वर करतो. त्याची मान वळली की मी एक पाऊल पुढे सरकायचो आणि दोन्ही साइड बॅकना हाताने खूण करायचो. त्याने पुन्हा समोर बघेपर्यंत आमची लाइन हललेली असायची. झेंडा वर. परत तेच, परत झेंडा वर. हाफटाइमला तो लाइनमनशी भांडत होता.

सेकंड हाफला त्यांनी डाव बदलला. आता तो हाफलाइनच्या मागून बॉल घेऊन अंगावर यायला लागला. मग मी लाइन सोडून मागे सरकलो. डाव्या पायाने त्याला धड मारता येत नव्हतं, म्हणून उजवीकडचा रस्ता बंद करून त्याला सतत डावीकडेच जाऊ दिलं. अंगावर धावून गेलो नाही, स्लाइडिंग केलं नाही. वाळलेल्या काळ्या मातीवर घसरलात तर मांडीची साल निघते आणि तुम्ही उठेपर्यंत माणूस गोलपाशी गेलेला असतो. शेवटी शेवटी एका कॉर्नरला आमचा कीपर चुकला, तो बॉल मी रेषेवरून डोक्याने बाहेर काढला. मॅच 0-0.

टायब्रेकरमध्ये दुसरी किक माझी होती, आत गेली. शेवटची किक आमच्या फॉरवर्डने मारली आणि आम्ही जिंकलो. 'सामनावीर' म्हणून मिक्सर त्याला मिळाला. पूर्ण मॅचमध्ये त्याला धड पास मिळाले नव्हते, त्यात त्याचा दोष नाही, तो आजही माझा जवळचा मित्र आहे. माझी तक्रार कोचबद्दल आहे. त्याने माईक घेऊन सांगितलं, "गोल मारणाराच मॅच जिंकून देतो." परतीच्या जीपमध्ये मी विचारलं, सर, मॅच टायब्रेकरपर्यंत नेली कुणी? म्हणाले, "ते तर तुझं कामच आहे." आता वय झालंय त्यांचं, तरी लग्नाकार्यात भेटले की हा वाद निघतोच.

एक मात्र त्यांना मान्य करावं लागतं. मॅच संपल्यावर मी नळावर पाय धूत होतो, तिथे त्या मुंबईच्या टीमचा मॅनेजर आला आणि म्हणाला, ट्रायलला येतोस का? देवगिरी एक्सप्रेसने गेलो. आधी काही हंगाम कंत्राटावर खेळलो, मग तिथेच कायमची नोकरी लागली. घर त्यावर उभं राहिलं. आमच्या क्लबमधून खेळावर पोट भरलेला दुसरा कुणी असेल तर त्या सरांनी मला दाखवावा.

आता मोठ्या खेळाडूंचं बघा. मराठवाडा 1948 पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्या हैदराबादचे एस. ए. रहीम 1962 च्या जकार्ता एशियाडला भारताचे कोच होते. जर्नेलसिंग हा स्टॉपर. डोक्याला टाके पडलेले, तरी रहीमसाहेबांनी फायनलला त्याला सेंटर फॉरवर्ड म्हणून उतरवलं, आणि दक्षिण कोरियाला 2-1 हरवताना एक गोल त्याचा होता. चांगला स्टॉपर समोरचा सगळा खेळ वाचत असतो, म्हणून त्याला पुढे नेता येतं. फॉरवर्डला फायनलमध्ये स्टॉपर करायची हिंमत कोण करेल?

केरळमधल्या मल्लपुरमचा स्टॉपर अनस एडथोडिका घरखर्चासाठी ऑटोरिक्षा चालवायचा. 2007 मध्ये मुंबई एफसीत आला, नंतर पुणे एफसीत. भारताकडून पहिली मॅच खेळला 2017 मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी. तिशीपर्यंत थांबून पुढे येणं बॅकला जमतं, कारण त्याचा खेळ नुसत्या वेगावर चालत नाही. इटलीचा बॅक पाओलो माल्दिनी तर 1985 पासून 2009 पर्यंत एसी मिलानकडून खेळला, चाळिशी गाठेपर्यंत.

तुमच्या पुतण्याच्या सरांना एक प्रश्न विचारा. आयएसएलचे, म्हणजे इंडियन सुपर लीगचे, क्लब परदेशी खेळाडूंवर पैसा खर्च करतात तो जास्त करून कुठे? पुढच्या फळीत. मग तिथे भारतीय पोराला जागा कुठे उरते? भारताचा फॉरवर्ड सुनील छेत्री 2024 मध्ये भारतीय संघातून निवृत्त झाला आणि 2025 मध्ये वयाच्या चाळिशीत त्याला परत बोलवावं लागलं, इतका फॉरवर्डचा दुष्काळ आहे. बॅकला मात्र भारतीय पोरं खेळतात. म्हणजे धंद्याच्या हिशेबानेही तुमचे सर चुकतायत.

पैसा किती, हेही तुम्ही विचारलंय. फॉरवर्डपेक्षा कमी, हे कबूल. पण खरी अडचण पगाराच्या आकड्याची नाही, क्लब टिकत नाहीत ही आहे. महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये बंद झाला, पुढे पुणे एफसी गेला, मुंबई एफसी गेला, एफसी पुणे सिटीही गेला. 2025 मध्ये तर आयएसएलच लांबणीवर पडली आणि बेंगळुरू एफसीसारख्या क्लबने पहिल्या संघाचे पगार थांबवले. गुडघ्याचं वेगळंच. भारताचा स्टॉपर संदेश झिंगन 2019 मध्ये गुडघ्याच्या लिगामेंटमुळे अख्खा हंगाम बाहेर होता, 2024 च्या एशियन कपमध्ये पुन्हा गुडघा गेला. तो मोठा खेळाडू म्हणून सावरला. लातूरच्या पोराच्या मागे डॉक्टर आणि फिजिओची फौज नसते. म्हणून बारावी सोडू देऊ नका, आणि प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र जपून ठेवा. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण प्रमाणपत्राची पडताळणी होते आणि तिथे कागद कमी पडले की सगळं अडतं.

उंचीची काळजी आत्ताच नको. इटलीचा स्टॉपर कानावारो पाच फूट नऊ इंचांचा होता आणि 2006 मध्ये त्याने बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, घेतला. आपल्याकडे ट्रायलला मात्र उंची बघतात, हेही खरं. अठराव्या वर्षापर्यंत वाढला नाही तर साइड बॅकला न्या, तीही बॅकच आहे. डावा पाय आत्तापासून तयार करून घ्या, डाव्या पायाचा बॅक सगळ्यांना हवा असतो. आणि त्याला मैदानात बोलायला लावा. गप्प राहणारा स्टॉपर कितीही चांगला असला तरी बाजूच्या पोरांना लाइन कळत नाही.

पुण्या-मुंबईच्या क्लबच्या अंडर-18 टीमच्या ट्रायलला या वर्षीच पाठवा. सीआरएसवर, म्हणजे फुटबॉल महासंघाच्या खेळाडू नोंदणीच्या ऑनलाइन यंत्रणेवर, त्याची नोंदणी आहे का, ते आधी बघा. कुणी वय दोन वर्षं कमी लावून देतो म्हणालं तर त्याला दारात उभं करू नका, आता हाडाच्या चाचणीत सापडतं आणि पोराचं नाव कायमचं खराब होतं. ट्रायलच्या फॉर्मवर 'पोझिशन' विचारतात. तिथे सरांना न विचारता 'सेंटर बॅक' लिहा.